गुळगुळीतपणाचा गैरसमज : बेअरिंगमधल्या खळग्यांची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, की खळग्यांचा कसला आलाय इतिहास? खळगे रस्त्यावर असतात, त्यांच्याबद्दल तक्रार करायची असते. पण आज आम्ही ज्या खळग्यांबद्दल बोलणार आहोत ते डोळ्यांना दिसतही नाहीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हे खळगे रुंदीला शंभर मायक्रॉनच्या आसपास, आणि खोली म्हणाल तर पाच-दहा मायक्रॉन. म्हणजे एखाद्या थाळीसारखे, पसरट आणि उथळ. असे हजारो खळगे यंत्राच्या एखाद्या भागावर मुद्दाम, ठरवून, लेझरने मारतात. कशासाठी? तर घर्षण कमी व्हावं, झीज कमी व्हावी म्हणून.

इथेच माणूस थबकतो. आपल्याला लहानपणापासून उलटंच सांगितलेलं असतं. खडबडीत म्हणजे घर्षण जास्त, गुळगुळीत म्हणजे घर्षण कमी. शाळेच्या पुस्तकात चित्रही तसंच असतं: दोन करवती एकमेकींत अडकल्यात, आणि खाली लिहिलंय, ‘घर्षणाचं कारण’. मग चांगल्या पॉलिश केलेल्या धातूला मुद्दाम खड्डे पाडून घर्षण कसं काय कमी होईल?

हा प्रश्न आपण आज इतिहासाच्या वाटेने सोडवू. कारण ही वाट सरळ नाही. कारागिराच्या हाताला जे कळलं होतं ते पुस्तकात यायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि पुस्तकात आल्यावर त्याचा थोडा अतिरेकही झाला.

सुरुवात त्या करवतीच्या चित्रापासून करू. हे चित्र जुनं आहे. फ्रान्समध्ये आमोंतों यांनी १६९९ साली घर्षणाचे नियम मांडले, आणि पुढे कूलोंब, हो, विजेवाले कूलोंब तेच, त्यांनी १७८० च्या दशकात घर्षणावर मोठा प्रबंध लिहिला. दोघांच्याही मनात ढोबळ कल्पना अशी, की पृष्ठभागावर उंचवटे असतात, ते एकमेकांत अडकतात, आणि सरकवताना एकावरून दुसरा चढवावा लागतो. यातून निष्कर्ष सरळ निघतो: उंचवटे घासून काढा, घर्षण जाईल.

कल्पना छान आहे, फक्त अर्धवट आहे. त्याच अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये देझाग्युलिए नावाच्या विद्वानाने लक्षात आणून दिलं होतं, की पृष्ठभाग फारच घासूनपुसून सपाट केले तर ते सरकण्याऐवजी एकमेकांना चिकटायला लागतात. तुमच्यापैकी जे टूलरूममध्ये काम करतात त्यांनी हे रोज पाहिलं असेल. योहान्सन या स्वीडिश माणसाने बनवलेले पोलादी गेज ब्लॉक घ्या. अत्यंत सपाट. एकावर एक दाबून फिरवले की असे चिकटतात, की वरचा उचलला तर खालचाही सोबत येतो. कूलोंबच्या चित्राप्रमाणे हे ब्लॉक लोण्यासारखे घसरायला हवेत. ते घसरत नाहीत.

आता १८४० साली येऊ. ब्रिटनमधल्या ग्लासगो शहरात ब्रिटिश असोसिएशनची सभा भरली होती, आणि तिथे जोसेफ व्हिटवर्थ यांनी सपाट धातूचे पृष्ठभाग कसे तयार करावेत यावर निबंध वाचला. स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारे व्हिटवर्थ ते हेच. त्या काळी सपाटी आणायची म्हणजे दोन पाट्यांमध्ये कुरुंदाची भुकटी टाकून घासत बसायचं. व्हिटवर्थ म्हणाले, हे सोडा. भुकटी सगळीकडे सारखी घासत नाही, वर तिचे कण धातूत रुतून बसतात आणि पुढे यंत्र चालताना तेच कण झीज करत राहतात. त्याऐवजी तीन पाट्या घ्या, एकीला रंग लावा, दुसरीवर टेकवा, जिथे रंग उमटेल तिथे उंचवटा आहे असं समजा आणि तेवढाच स्क्रेपरने खरवडून काढा. आळीपाळीने तिन्ही पाट्या एकमेकींशी जुळवत गेलात, की तिन्ही सपाट होतात.

ही स्क्रेपिंगची पद्धत आपल्याकडच्या जुन्या फिटर मंडळींना सांगायला नको. निळा रंग लावून, डाग बघत, हाताने खरवडत बसायचं. पाठ आणि मनगट दोन्हींची परीक्षा. यात एक गंमत आहे. व्हिटवर्थ यांचा हेतू होता सपाटी. पण स्क्रेपरने तयार झालेला पृष्ठभाग जवळून पाहिला तर तो आरशासारखा नसतो. एकाच पातळीवरचे असंख्य छोटे टेकू आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रॉन खोल सखल जागा, असा असतो. टेकूंवर वजन पेललं जातं, आणि सखल जागेत तेल राहतं. फिटर लोकांना हे कामातून कळत गेलं. चांगला स्क्रेप केलेला लेथचा स्लाइड हलका चालतो, आणि तोच ग्राइंडिंग करून गुळगुळीत केला तर कधीकधी अडकत, धक्के खात सरकतो. म्हणून पुढे काही कारागीर काम पूर्ण झाल्यावर स्लाइडवर मुद्दाम अर्धचंद्रासारखे छोटे टवके काढायला लागले. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण ती तेलाची सोय आहे.

म्हणजे बघा, पृष्ठभागाला मुद्दाम पोत देणं ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडे जात्याला, पाट्याला टाकी लावून घेतात. दगड गुळगुळीत झाला की दळण नीट पडत नाही, म्हणून छिन्नीने त्याला पुन्हा टाचे पाडायचे. तिथे घासलं जावं म्हणून खळगे, आणि बेअरिंगमध्ये घासलं जाऊ नये म्हणून खळगे. खळगा तोच, काम उलटं. तेव्हा पृष्ठभाग खडबडीत आहे की गुळगुळीत, एवढंच विचारून भागत नाही. खडबडीतपणा कोणत्या आकाराचा, किती खोल, कुठे, आणि मध्ये काय आहे, हे विचारावं लागतं. मध्ये काय आहे, या प्रश्नाचं उत्तर १८८३ साली मिळालं, आणि तेही अपघाताने.

त्या काळी रेल्वेच्या आसांची बेअरिंगं तापणं ही मोठी डोकेदुखी होती. लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने बीचम टॉवर नावाच्या इंजिनिअरला घर्षणावर प्रयोग करायला सांगितलं. टॉवर यांनी चार इंच व्यासाचा शाफ्ट घेतला, त्याच्या वर बेअरिंगचा अर्धा पितळी तुकडा बसवला, शाफ्टची खालची बाजू तेलात बुडेल अशी ठेवली, आणि वरून वजन टाकलं. मग नेहमीच्या पद्धतीने तेल घालावं म्हणून वरच्या तुकड्याला मधोमध भोक पाडलं. यंत्र सुरू केलं, तर भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर यायला लागलं. टेबलावर ओघळ. टॉवर यांनी भोकाला बूच मारलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत निघाली. शेवटी त्यांनी तिथे दाब मोजायचा गेज लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला शंभर पौंड. गेजचा काटा दोनशेच्या पुढे गेला.

याचा अर्थ काय? बेअरिंग शाफ्टवर टेकलेलंच नव्हतं. ते तेलाच्या थरावर तरंगत होतं. आणि आजवर सगळे लोक तेलाचं भोक नेमकं तिथेच पाडत होते, जिथे दाब सगळ्यात जास्त. म्हणजे जिथून तेल आत जाणं अशक्य, तिथूनच ते घालायचा प्रयत्न पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. आणि दोष कुणाला, तर तेलाला किंवा फायरमनला.

टॉवर यांच्या या निरीक्षणाचं गणित १८८६ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मांडलं. ते गणित आपण इथे करणार नाही, पण त्याचा गाभा एका शब्दात सांगता येतो: पाचर. दोन पृष्ठभागांमधली फट पुढे पुढे अरुंद होत असेल, आणि एक पृष्ठभाग हलताना चिकट तेलाला सोबत ओढत असेल, तर ते तेल निमुळत्या जागेत कोंडलं जातं, दाब वाढतो, आणि हा दाब वरचा पृष्ठभाग उचलून धरतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर चप्पल घसरते ना, तिथेही असाच पाण्याचा थर मध्ये येतो. मोटारीच्या टायरला खाचा असतात त्या हे पाणी बाहेर जावं आणि थर तयार होऊ नये म्हणून. बेअरिंगमध्ये आपल्याला तो थर हवाच असतो.

रेनॉल्ड्स यांच्या गणिताने इंजिनिअरिंगचं चित्र बदललं. ऑस्ट्रेलियात मिचेल आणि अमेरिकेत किंग्जबरी, दोघांनी स्वतंत्रपणे, हलते तुकडे असलेलं बेअरिंग शोधलं. तुकडा आपोआप थोडा कलतो आणि पाचर तयार होते. १९१२ साली पेनसिल्व्हेनियातल्या हॉल्टवूडच्या जलविद्युत केंद्रात किंग्जबरींचं बेअरिंग बसलं, आणि ते पुढे अनेक दशकं चालत राहिलं. १९१८ साली लॉर्ड रॅले यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पाचर उतरतीच असायला हवी असं नाही. साधी पायरी दिली, म्हणजे आधी फट मोठी आणि मग एकदम लहान, तर भार आणखी चांगला पेलता येतो. ही रॅलेंची पायरी लक्षात ठेवा मंडळी, शेवटी आपण तिच्यावरच येणार आहोत.

पण या गणितातून एक अडचणीचा निष्कर्षही निघत होता. दोन पृष्ठभाग अगदी समांतर असतील तर पाचर नाही. पाचर नाही तर दाब नाही. दाब नाही तर भार पेलला जाणार नाही. आणि प्रत्यक्षात तर पंपाच्या सीलमध्ये, साध्या थ्रस्ट वॉशरमध्ये दोन सपाट चकत्या एकमेकींवर फिरत होत्या, आणि त्यांच्यामध्ये तेलाचा थर टिकतही होता. पुस्तक म्हणतं, चालणार नाही. यंत्र म्हणतं, मी तर चालतंय. अशा वेळी कुणाचं ऐकायचं?

दरम्यान कारखान्यातली मंडळी आपल्या वाटेने पुढे गेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंजिनाच्या सिलिंडरला क्रोमियमचा मुलामा देण्याची पद्धत वाढली. क्रोम कठीण, झिजत नाही, पण त्याच्यावर तेल धरत नाही. डच संशोधक व्हॅन डर हॉर्स्ट यांच्या पद्धतीत मुलामा दिल्यावर विजेचा प्रवाह उलटा फिरवायचे. त्यामुळे क्रोममध्ये बारीक छिद्रं आणि भेगा तयार व्हायच्या, आणि त्यांत तेल राहायचं. सिलिंडरच्या हॉनिंगचंही तेच. आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा ठेवायच्या. गॅरेजवाल्याला विचारा, तो सांगेल: बोअर काचेसारखा झाला की समजा इंजिनाचं काम निघालं.

यात खळग्यांची दोन कामं स्पष्ट होती. एक, तेलाचा साठा. यंत्र सुरू होताना किंवा थांबताना, वेग कमी असतो तेव्हा पाचरीचा दाब नसतो. त्या क्षणाला खळग्यातलं तेल कामाला येतं. दुसरं, कचऱ्याचा डबा. झिजून निघालेले कण दोन पृष्ठभागांमध्ये लोळत राहिले तर ते नांगरासारखे ओरखडे काढतात. खळग्यात पडले तर निरुपद्रवी. या दुसऱ्या कामावर अमेरिकेत एमआयटीमध्ये नाम सुह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बारकाईने काम केलं, आणि अशा कणांचा घर्षणात केवढा वाटा असतो हे दाखवलं.

पण तिसरं काम अजून कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. ते १९६६ साली समोर आलं. हे वर्ष या शास्त्रासाठी महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने याच वर्षी अहवाल दिला, की वंगण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. ‘ट्रायबॉलॉजी’ हा शब्द तिथूनच रूढ झाला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत हॅमिल्टन, वॉलोविट आणि ॲलन या तिघांनी एक निबंध छापला. विषय: सूक्ष्म अनियमिततांमुळे होणारं वंगण. समांतर पृष्ठभागांचं कोडं त्यांनी सोडवलं.

हे आता सावकाश समजून घेऊ, कारण आजच्या व्याख्यानाचा जीव इथेच आहे. एक खळगा डोळ्यांसमोर आणा. वरचा सपाट पृष्ठभाग तेल ओढत नेतोय. तेल खळग्यात शिरतं तेव्हा फट वाढते, तिथे दाब कमी होतो. खळग्यातून बाहेर पडताना फट कमी होते, ती छोटीशी पाचरच, तिथे दाब वाढतो. एका बाजूला जेवढा कमी, दुसऱ्या बाजूला तेवढाच जास्त. बेरीज शून्य. मग फायदा काय?

फायदा असा, की दाब वाढायला जागा भरपूर आहे, पण कमी व्हायला मर्यादा आहे. तेलाला ताणून ताणून किती ताणणार? दाब फार खाली गेला की तेल फाटतं, त्यात बुडबुडे होतात, पोकळी तयार होते. त्यापुढे दाब उतरत नाही. म्हणजे तोट्याची बाजू एका ठिकाणी अडते, नफ्याची बाजू चढतच राहते. बेरीज शून्य राहत नाही, उचलणारा दाब शिल्लक उरतो. एका खळग्याचा हा दाब किरकोळ, पण खळगे हजारो. प्रत्येक खळगा म्हणजे एक चिमुकलं बेअरिंग. सपाट चकत्या का चालत होत्या, तर त्या खऱ्या अर्थाने सपाट नव्हत्याच म्हणून!

एवढी चांगली कल्पना, तरी पुढची तीसेक वर्षं ती मुख्यतः प्रयोगशाळेत राहिली. कारण साधं आहे. हजारो खळगे, सगळे एकाच मापाचे, कठीण धातूवर, स्वस्तात पाडायचे कसे? हे लेझरने शक्य केलं. इस्रायलमधल्या हैफा इथल्या टेक्निऑन संस्थेत इझाक एत्सियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सीलच्या चकतीवर नियमित खळगे असतील तर काय होईल याचं गणित मांडलं, आणि पुढे लेझरने तसे खळगे पाडून चाचण्या केल्या. सील, पिस्टनच्या रिंगा, थ्रस्ट बेअरिंग. त्यानंतर जगभर या विषयावर निबंधांचा पूर आला. खळगे गोल, चौकोनी, त्रिकोणी, बाणासारखे, माशाच्या खवल्यांसारखे. पूर आला की गढूळपणाही येतो. काहींना घर्षण खूप कमी झालेलं दिसलं, काहींना काहीच फरक दिसला नाही, आणि काहींचं घर्षण चक्क वाढलं.

ते का, हे आपल्याला आता कळू शकतं. बुडबुड्यांचा फायदा मिळायचा तर आजूबाजूचा दाब मुळात कमी हवा. शाफ्टच्या बेअरिंगमध्ये जिथे भार सगळ्यात जास्त, जिथे टॉवर यांची खुंटी बाहेर आली, तिथे खळगे मारले तर तेल फाटतच नाही. उलट तयार झालेला दाब खळग्यांत विखुरतो आणि थर पातळ होतो. बॉल बेअरिंगमध्ये तर संपर्काची जागाच इतकी लहान, की तिथे थराच्या मानाने खोल खळगा आला तर तेलाचा थर तुटायची भीती. शिवाय लेझरने धातू वितळतो तेव्हा खळग्याच्या कडेला काठ उभा राहतो. तो घासून काढला नाही तर खळगा झीज थांबवायच्या ऐवजी स्वतःच किसणीचं काम करतो.

आणि मग २००३ साली एत्सियन यांच्याच गटाने थ्रस्ट बेअरिंगबद्दल एक निष्कर्ष मांडला, जो आम्हाला या सगळ्या इतिहासात सगळ्यात बोलका वाटतो. पूर्ण पृष्ठभागावर खळगे मारले तर भार पेलण्याची ताकद फारशी मिळत नाही. पण तेल आत शिरतं त्या बाजूच्या काही भागावरच खळगे मारले आणि पुढचा भाग सपाट ठेवला, तर ताकद खूप वाढते. का? कारण खळग्यांचा भाग मिळून सरासरीने थोडा खोल, आणि पुढचा भाग उथळ. म्हणजे काय झालं? पायरी! लॉर्ड रॅले यांची १९१८ सालची पायरी. पंचाऐंशी वर्षांनी लेझरच्या वाटेने आपण पुन्हा तिथेच आलो.

जाता जाता एक उदाहरण, जे कदाचित तुमच्या घरात असेल. संगणकाची हार्ड डिस्क. तिची तबकडी फार गुळगुळीत केली तर थांबलेलं हेड तिला चिकटून बसायचं. तेच योहान्सनच्या ब्लॉकचं दुखणं. म्हणून १९९० च्या दशकात हेड उतरण्याच्या पट्ट्यावर लेझरने नॅनोमीटर मापाचे उंचवटे उठवायला सुरुवात झाली. आणि २००० सालाच्या आसपास तबकडी फिरवणाऱ्या मोटरमध्ये बॉल बेअरिंग जाऊन तेलाच्या थरावर चालणारी बेअरिंगं आली. त्यांच्यावर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा असतात, त्या तेल मध्यभागी ओढून ठेवतात. अशा खाचांच्या बेअरिंगचा पाया फिलिप्स कंपनीत मायडरमन यांनी १९६० च्या दशकातच घातला होता.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: मग आमच्या वर्कशॉपमध्ये बुशला ड्रिलने बारीक खड्डे मारले तर चालेल का? चांगला प्रश्न. तेल साठवायला काही उपयोग होईल, ग्रीसच्या बुशला असे खड्डे असतातही. पण दाब निर्माण करायला नाही. तेलाचा थर काही मायक्रॉनचा. तुमच्या ड्रिलचा खड्डा एक मिलिमीटर खोल म्हणजे हजार मायक्रॉन. त्या विहिरीत तेल नुसतं गोल गोल फिरेल. खळग्याची खोली थराच्या जाडीच्या जवळपास असावी लागते. आणि भाराच्या जागी तर अजिबात मारू नका.

शेवटी, हे सगळं कशासाठी? २०१७ साली होल्मबर्ग आणि एर्देमिर या दोन संशोधकांनी हिशेब मांडला, की जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा घर्षणावर मात करण्यात जाते, आणि आणखी ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात. त्यातला थोडा हिस्सा जरी वाचला तरी तो फार मोठा आहे. पण तो वाचवायचा तर ‘गुळगुळीत म्हणजे चांगलं’ हा जुना मंत्र जसा सोडायला हवा, तसा ‘खळगे म्हणजे चांगलं’ हा नवा मंत्रही घेऊन चालणार नाही. स्क्रेपर हातात घेऊन बसलेल्या फिटरने प्रत्येक ठिकाणी आधी निळा डाग बघितला आणि मगच खरवडलं. लेझर कितीही वेगवान झाला तरी तेवढं बघणं त्यालाही चुकलेलं नाही.

पुढच्या वेळी आपण त्या तेलाकडेच वळू: माणसाने चरबीपासून खनिज तेलापर्यंत कशाकशाने आस ओले ठेवले, त्याची गोष्ट. आज इथेच थांबू.